आधी चित्र, मग देवालय

महाशिवरात्रीच्या पर्वकाळी अंबरनाथच्या शिवालयात भाविकांची दाटी होते. शके ९८२ मध्ये, म्हणजेच इसवी सन १०६० मध्ये, शिलाहार राजा माम्वाणी याच्या कारकिर्दीत उभे राहिलेले हे काळ्या पाषाणाचे मंदिर कळंबोलीकरांना फारसे दूर नाही. दर्शन घेऊन बाहेर आले, की मनात प्रश्न येतो : पहिला दगड बसण्यापूर्वी शिल्पकाराने हे रूप कोठे पाहिले असेल?

या प्रश्नाचे उत्तर मध्य प्रदेशातील भोजपूरच्या खडकांवर कोरलेले आहे. भोजराजाने अकराव्या शतकात आरंभिलेले तेथील शिवमंदिर अपुरे राहिले. परंतु भोवतालच्या कातळावर स्तंभ, मंडप व शिखर यांच्या रेखाकृती आजही दिसतात. आधी चित्र, मग वास्तू, हाच क्रम पुराणालाही मान्य आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात अशी कथा येते, की नारायण मुनींनी आम्ररसाने उर्वशीचे चित्र रेखाटले आणि ती विद्या विश्वकर्म्यास दिली. देवांच्या स्थपतीलाही चित्रकला शिकावी लागली!

कातळाची जागा आज संगणकाच्या पडद्याने घेतली आहे. सिडकोने वसविलेल्या कळंबोलीसारख्या नगरात इमारतीच्या आधी तिचे रंगीत चित्र लोकांपुढे येते. नव्या मंदिराचेही तसेच. ते चित्र पाहून एखादी वृद्ध माउली गाठीचे पैसे वर्गणीत घालते. म्हणूनच ही विद्या शिकणाऱ्या तरुणाने ती व्रतासारखी शिकावी.

आरंभ रंगापासून करू नये. प्रथम नकाशावरून मापशुद्ध रेखाकृती काढावी आणि क्षितिजरेषा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, सुमारे पाच फुटांवर, धरावी. ती जमिनीलगत ओढली, तर लहानसे देऊळही मेरुपर्वतासारखे भासते. दुसरी पायरी छायाप्रकाशाची. काळा, पांढरा व मधल्या तीन-चार करड्या छटा एवढ्यांतच चित्र उभे राहिले पाहिजे. रंगाची पाळी त्यानंतर.

संगणकाची खरी सोय थरांत आहे. १९९० मध्ये आलेल्या फोटोशॉप या प्रणालीत १९९४ मध्ये थरांची योजना झाली. रेषा एका थरावर, पाषाणाचा पोत दुसऱ्यावर, सावली तिसऱ्यावर; एक पुसला तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. सावलीचा थर खालच्या रंगात ‘गुणाकार’ पद्धतीने मिसळला, म्हणजे अंधारातूनही दगडाचा पोत दिसत राहतो. दूरच्या वस्तू फिकट व निळसर रंगविल्या, की चित्राला खोली येते.

सूर्यनारायणाशी मात्र प्रतारणा नको. पनवेलचा परिसर १९ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य येथे किंचित उत्तरेकडे असतो. एरवी तो दक्षिणेकडेच. मग महाशिवरात्रीच्या भर दुपारी मंदिराची उत्तरेची भिंत उन्हात न्हालेली दाखविणे हे असत्यच नव्हे काय? नसलेला पिंपळ आणि नसलेले विस्तीर्ण पटांगण रंगविणे, हेही त्याच जातीचे. यंत्र काहीही रंगवू देते. काय रंगवू नये हे माणसानेच ठरवावयाचे.

ती दृष्टी पाषाणासमोर बसूनच लाभते. १८६८ मध्ये मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील मंडळींनी अंबरनाथला जाऊन या मंदिराची मापे घेतली, रेखाचित्रे काढली आणि शिल्पांचे साचे घेतले. आजच्या विद्यार्थ्यानेही या शिवरात्रीला बेलाबरोबर वही व पेन्सिल न्यावी. कोरीव कोनाड्यात सकाळी सावली कोठे पडते आणि सायंकाळी कोठे सरकते, हे पाहून टिपून ठेवावे.

वाचकहो, चित्र पाहून ज्याने दान दिले, त्याने कळसारोहणाच्या दिवशी मंदिरासमोर उभे राहून ‘हेच ते’ म्हणावे, यातच चित्रकाराच्या विद्येची पूर्ती आहे. भगवान शंकर तशी निर्मळ दृष्टी सर्वांना देवोत.