टायरचे वय आणि माणसाचा जीव

ट्रक उलटला की दुसऱ्या दिवशी बातमी येते: 'टायर फुटून चालकाचा ताबा सुटला.' वाचणारा चालकाला दोष देऊन मोकळा होतो. ज्या चालकांत आमचे आयुष्य गेले, त्यांच्या वतीने आम्ही विचारतो, तो टायर किती वर्षांचा होता, हे कोणी पाहिले काय?

नक्षी झिजून टायर गोटा झाला की बदलावा, एवढे सर्वांस ठाऊक आहे. पण टायर न झिजताही म्हातारा होतो. कच्च्या रबरात गंधक घालून ते तापवले म्हणजे त्याच्या लांबच लांब रेणूंत सांधे जुळतात. त्यांनी रबराला बळकटी आणि लवचिकपणा येतो. पुढे हवेतला प्राणवायू त्यात मुरत जातो. बाहेरचा मुरतो, तसा टायरमध्ये भरलेल्या हवेतलाही. रबर कडक व ठिसूळ होते. उन्हाने, तापाने ही क्रिया वाढते. ओझोन वायू बाजूच्या भिंतीला बारीक चिरा पाडतो. त्यावर उपाय म्हणून कारखान्यात मेणासारखे पदार्थ मिसळतात. चाक फिरताना टायर दबतो, तसे ते पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीला हा लाभ कमीच. अमेरिकेत सुट्टीपुरती बाहेर निघणारी फिरती घरे म्हणूनच फसवी ठरतात: नक्षी नवी, रबर जुने. आपल्या ट्रकची स्टेपनीही त्याच जातीची.

खरा धोका डोळ्यांना दिसत नाही. नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. त्यांना धरून ठेवणारे रबर ठिसूळ झाले, की जादा भार, वेग आणि कमी हवा यांच्या तापाने ते सुटू लागतात. मागच्या जोडचाकांपैकी एक गेले तर दुसरे काही काळ तरी भार पेलते. पुढचे गेले तर स्टिअरिंगच हातचे जाते.

सप्टेंबर २०१२ मध्ये इंग्लंडात हाइंडहेडजवळ संगीत महोत्सवाहून परतणारी बस झाडावर आदळली. चालकासह तिघे मेले. पुढचा टायर १९ वर्षांहून जुना होता. नक्षी मात्र कायद्यात बसत होती! मृत तरुणाच्या आईने वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा कुठे १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये लॉरी व बसच्या पुढच्या चाकांना १० वर्षांहून जुना टायर लावण्यास बंदी आली.

वय ओळखायला विद्वत्ता लागत नाही. २००० सालापासून टायरच्या भिंतीवर, 'डी.ओ.टी.' या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी, चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे कधी एकाच बाजूला असतात. म्हणून गाडीखाली वाकूनही पाहावे. रिमोल्ड टायरची नक्षी नवी, सांगाडा जुनाच. वय सांगाड्याचे मोजावे.

आमचे मागणे मोठे नाही. मालकाने हे आकडे वहीत नोंदवावेत, चालकाने ते वाचावेत, आणि जुन्या टायरवर गाडी न्यायला नकार देणाऱ्याची रोजी बुडू नये. टायर निवडतो एक आणि जीव जातो दुसऱ्याचा, हा हिशेब आता तरी बदलला पाहिजे.