ओव्हनवर खापर कशाला?

घरी चीज गार्लिक ब्रेडचा विषय निघाला की ठरलेलं वाक्य येतं, "आमच्याकडे ओव्हन नाही ना!" अहो, पाव बेकरीतून भाजूनच आलेला असतो. आपल्याला हवा फक्त खालून कुरकुरीतपणा आणि वरचं चीज वितळण्यापुरती ऊब. तव्याची आच खालूनच लागते, ही खरी अडचण. माझ्या पहिल्या प्रयत्नात पावाचं बूड कोळसा झालं आणि चीज जसं किसलं तसंच वर बसून होतं.

तोडगा साधा आहे. लादी पाव आडवा चिरून त्याची आतली बाजू आधी तव्यावर बदामी शेका. मग पाव उलटा. शेकलेल्या बाजूला लसूण-बटर लावून चीज पसरा, गॅस मंद करा, तव्याच्या कडेला चमचाभर पाणी टाका आणि झाकण घाला. पाणी पावावर पडू देऊ नका. वाफेनं चीज दोन-तीन मिनिटांत वितळतं. शेवटी अर्धं मिनिट झाकण काढलं की मऊ पडलेलं बूड पुन्हा कुरकुरीत होतं.

दुसरा गैरसमज चीजचा. "कुठलंही चीज चालतं" म्हणून क्यूब किसून घालायचं आणि तार सुटत नाही म्हणून हिरमुसायचं! मोझरेला करताना दुधाची दह्यासारखी जमलेली गुठळी गरम पाण्यात मळून ताणतात, त्यामुळे त्यातल्या प्रथिनांचे धागे तयार होतात. क्यूबच्या प्रोसेस्ड चीजमध्ये घातलेले क्षार त्याच प्रथिनांची घडण मोडून सगळं एकजीव करतात, म्हणून ते सॉससारखं वितळतं. पनीर तर आच कितीही द्या, वितळतच नाही. मोझरेला चवीला मात्र मिळमिळीत. मी निम्मं मोझरेला, निम्मं क्यूबचं चीज घेते. तारही येते, खारटपणाही. पाकिटातल्या किसलेल्या चीजला चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेला असतो, तेव्हा शक्यतो वडीच किसावी.

लसणाच्या बाबतीत आपला हात फोडणीला सरावलेला. लाल होईपर्यंत परतायचा आणि मग बटरमध्ये घालायचा, असं बऱ्याच घरांत होतं. पण अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली की तिच्या पेशी फुटतात, एक एन्झाइम कामाला लागतं आणि तो झणझणीत वास देणारं अॅलिसिन तयार होतं. उष्णतेनं हे एन्झाइम निकामी होतं. म्हणून लसूण आधी खलबत्त्यात ठेचायचा, पाच-दहा मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग मऊ बटरमध्ये कालवायचा. चार पावांना 50 ग्रॅम बटर आणि पाच-सहा पाकळ्या पुरे. बटर खारं असेल तर वरून मीठ नको.

ओरिगॅनोचं पाकीट नाही म्हणून बेत रद्द करू नका. कुंडीतला पानओवा, ज्याची आपण भजी करतो, तो बारीक चिरून घाला. ओरिगॅनोला वास देणारी द्रव्यं त्यातही असतात. "मग ते इटालियन कुठे राहिलं?" असं कुणी विचारलंच, तर इटलीत भाजलेल्या पावावर कच्चा लसूण घासून ऑलिव्ह तेल घालतात, त्याला ब्रुस्केत्ता म्हणतात. बटर लावलेला गार्लिक ब्रेड रुजला तो अमेरिकेत, तिथं गेलेल्या इटालियनांच्या हॉटेलांतून. आणि आपला 'पाव' हा शब्द तर पोर्तुगीजांकडून आला.

ताजा पाव हवाच असंही नाही. आदल्या दिवशीचा जरा घट्ट पाव बटर लावताना चुरत नाही. तो फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, तिथल्या गारठ्यात त्यातला स्टार्च लवकर कडक होतो. जास्त दिवस ठेवायचा तर फ्रीझरमध्ये ठेवा.

उरलेलं लसूण-बटर फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा. तेलात बुडवलेला कच्चा लसूण ओट्यावर कधीच ठेवू नका. हवा न लागणाऱ्या त्या तेलात बोट्युलिझमचे जंतू वाढून विष तयार होऊ शकतं, आणि ते वासावरून वा चवीवरून कळत नाही.