पडदा काळा झाला म्हणजे कुलूप लागलं का?

मागच्या लेखांकात चांगला पासवर्ड कसा असावा ते पाहिलं. पण पासवर्ड टाकून काम सुरू केलं आणि मध्येच चहाला उठलो, तर रिकाम्या खुर्चीत येऊन बसणाऱ्याला तो पासवर्ड लागतच नाही. पतसंस्थेत किंवा कॉलेजच्या कार्यालयात तुमच्या लॉगिनवर दुसऱ्याने एखादी नोंद केली, तर संगणकाच्या लेखी ती तुम्हीच केलेली असते. नंतर कितीही सांगितलं तरी ते सिद्ध करणं फार अवघड जातं. म्हणून आज स्क्रीनसेव्हर आणि त्याला जोडलेला पासवर्ड.

स्क्रीनसेव्हर आला तो मॉनिटरच्या काचेसाठी. जुन्या मॉनिटरच्या काचेला आतून फॉस्फरचा थर असे. एकच चित्र तासन्‌तास दिसत राहिलं की तेवढा भाग झिजायचा आणि त्याचा पुसट ठसा कायमचा राहायचा. १९८३मध्ये जॉन सोचा यांनी आयबीएम पीसीसाठी एक छोटा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. काही मिनिटं कळफलकाला हात लागला नाही, की तो पडदा काळा करायचा. हलती चित्रं आणि पासवर्ड हे पुढचे टप्पे. मूळ हेतू राखणीचा नव्हताच, आणि पुढच्या अनेक दुबळेपणांचं मूळ मला तिथेच दिसतं.

विंडोज ९५चंच बघा. त्यात स्क्रीनसेव्हरचा पासवर्ड लॉगिनपेक्षा वेगळा असे आणि इतक्या कच्च्या रीतीने साठवलेला असे, की तो सहज उलगडता येई. पडदा बंद असतानाही सीडी आत सरकवली तर तिच्यावरचा प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायचा. तेवढीही खटपट नको असेल तर मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं आणि लॉगिनच्या चौकटीत ‘कॅन्सल’ दाबायचं. म्हणजे दारावर पडदा सोडलेला, पण आतून कडी नाही. विंडोज एनटीच्या घराण्यात हे बदललं. तिथे कुलपाचं काम खुद्द लॉगिन सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे गेलं. २००१च्या एक्सपीपासून ही रचना घरोघरच्या संगणकांतही आली.

लिनक्समध्ये मात्र जुनी रचना बरीच वर्षं टिकली. तिथे कुलूप हा इतरांसारखाच एक प्रोग्रॅम असे, सगळ्या खिडक्यांवर पसरलेला. तो कोसळला की मागचं सगळं उघडं. २०२१च्या सुरुवातीला लिनक्स मिंटमध्ये नेमकं हेच झालं. एका वापरकर्त्याच्या मुलांनी खेळताना खरा कळफलक आणि पडद्यावरचा कळफलक दोन्हींवर वाटेल तशी बटणं दाबली, आणि कुलूपच कोसळलं. मिंटने लगेच दुरुस्ती दिली. अलीकडे लिनक्समध्ये पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या वेलँड या नव्या पद्धतीत नियमच असा आहे, की कुलपाचा प्रोग्रॅम मेला तरी पडदा बंदच राहावा. मला हा सगळ्यात शहाणा बदल वाटतो. कुलूप बिघडलं तर ते बंद अवस्थेतच बिघडायला हवं.

आता आपल्या टेबलाकडे. विंडोजमध्ये शोधपट्टीत ‘स्क्रीन सेव्हर’ लिहून त्याची चौकट उघडा. तिथे ‘वेट’पुढे मिनिटं भरा आणि शेजारच्या ‘ऑन रिझ्युम, डिस्प्ले लॉगऑन स्क्रीन’ या घरात खूण करा. ती खूण नसेल तर माऊस हलवला की सगळं पुन्हा समोर. मॅकवर दोन घड्याळं असतात, स्क्रीनसेव्हर कधी सुरू व्हावा आणि त्यानंतर पासवर्ड कधी मागावा. या दोन वेळांची बेरीज होते, म्हणून दुसरी ‘लगेच’वरच ठेवा. पाच मिनिटं पुरेशी आहेत. कार्डाचे व्यवहार हाताळणाऱ्या संस्थांसाठीच्या पीसीआय मानकात मर्यादा पंधरा मिनिटांची आहे, पण गर्दीच्या काउंटरवर पंधरा मिनिटं फार झाली.

घड्याळावर विसंबू मात्र नका. पडद्यावर व्हिडिओ चालू असेल तर स्क्रीनसेव्हर बहुधा सुरूच होत नाही, आणि तो सुरू होईपर्यंतची मिनिटं तर उघडीच असतात. उठताना विंडोजची खूण असलेलं बटण आणि एल एकत्र दाबा. मॅकवर कंट्रोल, कमांड आणि क्यू. काम अर्धवट राहील ही भीती अनेकांना असते, पण लॉक केल्याने काहीच बंद होत नाही. फाइल उघडी राहते, डाउनलोड चालूच राहतं.

लॅपटॉपच चोरीला गेला तर मात्र हे कुलूप पुरत नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की आतल्या फाइली वाचता येतात. एन्क्रिप्शन कसं सुरू करायचं आणि त्याची किल्ली कुठे जपायची, ते पुढच्या लेखांकात.