पीडीएफची पालखी आणि रीडरचा भोई

मोबाईलवर पाठ्यपुस्तक उघडायला जावे आणि धड्याच्या आधी पडद्यावर सूचना झळकावी, ‘नवी आवृत्ती आली आहे, अपग्रेड करा!’ हा अनुभव तुम्हांला असेलच. घरात मोबाईल एक, त्यात जागा थोडी, आणि उद्या चाचणी. अशा वेळी काय करावे? सूचना मानावी, दुर्लक्ष करावे, की हा पीडीएफ रीडर काढून दुसराच घ्यावा? अंदाजाने ठरवण्यापेक्षा पीडीएफच्या पोटात काय असते ते आधी पाहू. मग उत्तर तुमचे तुम्हांलाच देता येईल.

पालखीतला प्रवासी

मुंबईत परळ-नायगावच्या परिसरात भोईवाडा आहे. भोई म्हणजे पालखी वाहणारा. पूर्वी लांबच्या वाटेवर टप्प्याटप्प्याला भोई बदलत. पण आतला प्रवासी तोच राही आणि जसा निघाला तसाच पोचे. पीडीएफचे काम नेमके हेच आहे. या नावातल्या ‘पोर्टेबल’ शब्दाचा अर्थच वाहून नेता येण्याजोगा. छापील पान हा प्रवासी, फाईल ही पालखी आणि रीडर हा भोई.

१९९१ मध्ये अमेरिकेत अ‍ॅडोबी कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉरनॉक यांनी ही कल्पना मांडली. त्या काळी एका संगणकावर तयार केलेले पान दुसऱ्यावर उघडले की अक्षरे बदलत, ओळी सरकत. १९९३ मध्ये पीडीएफ बाजारात आले. २००८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. आज त्या मानकाचे नियम पाळून कोणीही रीडर बनवू शकतो. म्हणून तर आपल्यापुढे इतके रीडर आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तकेही पीडीएफ रूपात मोफत मिळतात आणि ती अमुकच रीडरमध्ये उघडली पाहिजेत असे बंधन नाही.

पान कसे उभे राहते?

आलेखाच्या कागदावर तुम्ही बिंदू मांडता ना? पीडीएफचे पानही तसेच असते. आरंभबिंदू डाव्या खालच्या कोपऱ्यात. एका इंचाचे ७२ भाग केले की एक एकक. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच असतो. म्हणजे त्याची रुंदी सुमारे ५९५ आणि उंची सुमारे ८४२ एकके. (एक इंच = २५.४ मिलिमीटर. गणित करून पाहा!) फाईलमध्ये सूचना असतात त्या साधारण अशा : ‘आडवे ७२, उभे ७५० या बिंदूवर अमुक आकृती काढ.’ रीडर त्याप्रमाणे पान रेखाटतो.

काही पाने मात्र स्कॅन केलेली असतात. त्यांत अक्षरे नसतात, पानाचा फोटो असतो. इंचाला ३०० ठिपके धरले तर ए-४ पानावर सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रंगीत पान असेल तर प्रत्येक ठिपक्याला तीन बाईट, म्हणजे उलगडलेले एक पान २६ मेगाबाईटचे! जुना मोबाईल अशा पुस्तकावर अडखळतो यात नवल ते काय? अशा वेळी हलका रीडर थोडी मदत करतो, पण खरा भार फाईलचाच असतो.

वेलांटी आधी की अक्षर आधी?

आता खास मराठीची गंमत. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. अशा छापखान्यांत जुळारी शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करी. ‘कि’ जुळवायचे असेल तर त्याला आधी वेलांटीचा खिळा लावावा लागे, मग ‘क’चा, कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. पण आपण उच्चार करतो तो ‘क’ आणि मग ‘इ’. युनिकोड या आजच्या संकेतपद्धतीने उच्चाराचा क्रम घेतला आहे : आधी ‘क’ (क्रमांक २३२५), मग ऱ्हस्व वेलांटी (क्रमांक २३६७).

पीडीएफ मात्र जुळाऱ्यासारखे वागते. त्याला पान दाखवायचे असते, म्हणून आकृती दिसतील त्या क्रमाने मांडल्या जातात. कोणती आकृती म्हणजे कोणते अक्षर, याचा तक्ता फाईलमध्ये वेगळा ठेवावा लागतो. तो तक्ता नसला किंवा चुकला, तर पान दिसते सुंदर, पण त्यातला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की वेलांट्या भलतीकडे जातात, जोडाक्षरे मोडतात. युनिकोडपूर्वीच्या कित्येक फाँटांत तर मराठी आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसवलेल्या असत. तसल्या फाईलमधून मजकूर उचलला की हाती इंग्रजी अक्षरांचा काला येतो.

यात बिघडले कुठे, असे तुम्ही म्हणाल. डोळ्यांना तर दिसते आहे! पण भोईवाड्यापासून जवळच, दादरला, १९०० साली सुरू झालेली दृष्टिहीन मुलींची शाळा आहे. अशा शाळेतली मुलगी पुस्तक ऐकते. फोन तिला मजकूर वाचून दाखवतो. तक्ता चुकला असेल तर फोन बडबडेल ते निरर्थक. पान स्कॅन केलेले असेल तर तो गप्पच बसेल. तिच्यासाठी ते पुस्तक बंदच राहिले. इथे रीडर कितीही नवा आणला तरी तक्ता दुरुस्त होत नाही. प्रवासीच आजारी असेल तर भोई बदलून काय होणार? फाईल बनवणाऱ्याने ती युनिकोडमध्ये नीट बनवायला हवी.

अपडेट आणि अपग्रेड

हे दोन शब्द सारखे वाटतात, पण अर्थ वेगळे. आहे त्याच आवृत्तीची डागडुजी म्हणजे अपडेट. पुढची आवृत्ती घेणे म्हणजे अपग्रेड. तिला कधी पैसे पडतात, कधी जास्त जागा लागते, कधी नवे यंत्रही लागते.

डागडुजी टाळू नये. फाईल उलगडताना रीडर तिच्यातल्या सूचना पाळत असतो. त्याच्या रचनेत एखादे भोक राहिले तर दुष्ट हेतूने बनवलेली फाईल तिथून संगणकात शिरते. २००९ मध्ये अ‍ॅडोबीच्या रीडरमध्ये चित्रे उलगडण्याच्या भागात असा दोष सापडला आणि त्याचा गैरफायदाही घेतला गेला. २०१० मध्ये त्याच रीडरच्या दहाव्या आवृत्तीत बंदिस्त कप्प्याची योजना आली. फाईल त्या कप्प्यातच उघडायची, म्हणजे ती बिघडली तरी बाहेर हात घालू शकत नाही. अकराव्या आवृत्तीची डागडुजी १५ ऑक्टोबर २०१७ रोजी थांबली. डागडुजी थांबलेला रीडर मात्र बदलावाच.

बाकीच्या वेळी स्वतःला विचारा : मला हवे असलेले कोणते काम आज अडले आहे? काहीच अडले नसेल, तर नवे रंग आणि नवी बटणे यांसाठी घाई नको. नवी आवृत्ती म्हणजे चांगला रीडर असेही नाही. ओक्युलर नावाचा मोफत रीडर संगणकावर चालतो. २०२२ मध्ये जर्मनीने ‘ब्लू एंजल’ हे पर्यावरणस्नेही चिन्ह प्रथमच एका संगणकप्रणालीला दिले, ती हीच! वीज बेताने वापरणे आणि जुन्या यंत्रांवरही चालणे, हे गुण त्यासाठी पाहिले जातात. विंडोजवर चालणारा सुमात्रा हाही असाच हलका, मोफत रीडर आहे. नुसते वाचायचे असेल तर क्रोम किंवा फायरफॉक्स हे ब्राउझरसुद्धा संगणकावर पीडीएफ उघडतात.

करून पाहा

१. शाळेच्या संगणकावर एखाद्या पीडीएफ फाईलची प्रत काढा आणि ती नोटपॅडमध्ये उघडा. अगदी आरंभी टक्क्याचे चिन्ह, पीडीएफ ही रोमन अक्षरे आणि १.४ किंवा १.७ असा आकडा दिसेल. तो त्या फाईलच्या नियमांची आवृत्ती सांगतो. मधला मजकूर अगम्य दिसेल, कारण तो दाबून भरलेला असतो. काहीही न बदलता फाईल बंद करा.

२. विज्ञानाच्या पुस्तकात ‘विज्ञान’ हा शब्द शोधा. त्यात वेलांटीही आहे आणि जोडाक्षरही. सापडला तर तक्ता ठीक आहे.

३. शब्द सापडला नाही, तर तीच फाईल दुसऱ्या रीडरमध्ये तपासा. दोन्हीकडे नापास झाली तर दोष बहुधा फाईलचा. एकाच ठिकाणी झाली तर रीडरचा.

४. ई-आधारसारख्या फाईलवर डिजिटल सही असते. ती खरी आहे का, हे तुमचा रीडर तपासतो का ते पाहा. कित्येक साधे रीडर तपासत नाहीत. घरात अशा कागदपत्रांचे काम पडत असेल तर ते तपासणारा रीडर घेणे योग्य.

निकाल वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी ‘अपग्रेड करा’ अशी सूचना आली की आधी ती वही उघडा.