फोनला ‘ळ’ शिकवताना

गेल्या महिन्यात निपाणीच्या आत्तीचा मोबाइलवर निरोप आला : ‘माला वेल नाही. बाल आजारी.’ कसली माळ, कुठला वेल आणि केसांना काय झाले, यावर घरात बराच खल झाला. शेवटी फोन केला. आत्तीला म्हणायचे होते, ‘मला वेळ नाही, बाळ आजारी.’ नातवाला ताप होता. ‘‘मी बरोबरच लिवलं होतं की,’’ आत्ती म्हणाली, ‘‘त्यानंच बदललंय. आता त्याच्याशी काय भांडत बसू?’’

पोटापाण्यासाठी आम्ही यंत्रांची माहितीपत्रके लिहितो. ‘प्रथम सेटिंग्जमध्ये जा’ हे वाक्य आमच्या हातून इतक्या वेळा गेले आहे की ते लिहिताना डोके वापरावे लागत नाही. पुढच्या रविवारी आत्तीच्या स्वयंपाकघरात बसून तेच वाक्य मोठ्याने म्हटले. आत्तीने चहाचे आधण उतरवत विचारले, ‘‘म्हणजे कुठं जाऊ?’’ त्या प्रश्नाला आमच्या कोणत्याच माहितीपत्रकात उत्तर नव्हते.

अशी तक्रार आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत या ना त्या रूपात ऐकू येते. म्हणून फोन असे का वागतो आणि त्यावर काय करता येते, हे सोप्या शब्दांत सांगण्याचा हा प्रयत्न.

पत्ता एक, भाषा दुसरी

बेळगाव-निपाणीच्या माणसांच्या भाषेचा प्रश्न 1 नोव्हेंबर 1956 पासून चर्चेत आहे आणि 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. यंत्रे मात्र त्याचा निकाल दोन सेकंदांत लावतात. दूरसंचारात कर्नाटक हे एक सर्कल, महाराष्ट्र आणि गोवा हे दुसरे. आपले सिमकार्ड पहिल्यातले. आपला पिनकोड 59 ने सुरू होतो, कोल्हापूरचा 41 ने. ग्राहकसेवेचा रेकॉर्ड केलेला आवाज, जाहिराती, कार्यक्रम सुचवणारी ॲप्स बहुधा अशाच खुणांवरून भाषेचा अंदाज बांधतात. निपाणीहून कागलकडे निघालात, की कोगनोळीच्या पुढे फोन दुसऱ्या सर्कलमधला मनोरा धरतो. टोलनाक्यावर भाषा बदलत नाही, हे माणसांना ठाऊक आहे. यंत्रांना कुणी सांगितलेले नाही.

यात कुणाचा दुष्टावा नाही. यंत्राला भाषा कळत नाही, पत्ता कळतो. पुष्कळ ठिकाणी तेवढ्यावर भागते. सीमाभागात भागत नाही. आणि यंत्राचा अंदाज दुरुस्त करायला आपण दुकानात गेलो, तर तिथे दुसरा अंदाज आपली वाट पाहत असतो. आत्तीला ‘आपली अक्षरं’ हवी होती. दुकानातल्या मुलाने देवनागरी म्हणजे हिंदी असे धरून तिला हिंदीचा कळफलक घालून दिला.

‘ळ’ कुठे गेला?

आत्ती इंग्रजी अक्षरांत शब्द लिहिते आणि फोन त्याचे देवनागरी करतो. ते करताना तो त्या भाषेच्या शब्दसंग्रहातला जवळचा शब्द उचलतो. हिंदीच्या रोजच्या लिखाणात ‘ळ’ नाही. त्यामुळे वेळेचा वेल होतो, बाळाचा बाल आणि डाळीची डाल. बेळगावचेसुद्धा ‘बेलगाम’ होते.

गंमत अशी की कन्नडमध्ये ‘ळ’ आहे. आपण बेळगाव म्हणा किंवा शेजारचे बेळगावी म्हणोत, ‘ळ’ दोघांचाही आहे. संगणक आज ज्या पद्धतीने अक्षरे साठवतो तिला युनिकोड म्हणतात. त्यात प्रत्येक लिपीची वेगळी रांग आणि प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असतो. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही रांगा 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत. दोन्हींत अक्षरांचा क्रम सारखा ठेवला आहे. देवनागरीच्या रांगेत ‘ळ’ ज्या जागेवर बसतो, बरोबर त्याच जागेवर कन्नडच्या रांगेत त्यांचा ‘ळ’ बसतो. तेव्हा फोनमध्ये ‘ळ’ नाही असे अजिबात नाही. फक्त चुकीच्या भाषेचा कळफलक तो आपल्यापर्यंत येऊ देत नाही.

तीच गोष्ट ‘ऱ्य’ची. लग्नघरात ‘आचाऱ्यांना पैसे दिले’ लिहायला जावे आणि फोनने ‘आचार्यांना पैसे दिले’ लिहावे, म्हणजे जेवण करणारे राहिले बाजूला आणि दक्षिणा भलतीकडेच गेली. दऱ्या आणि दर्या यांचाही असाच घोळ होतो. मराठी कळफलक घेतला की ही अक्षरे मिळतात. संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलक वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे : शिफ्ट दाबून ‘ल’ची कळ दाबली की ‘ळ’ उमटतो. शिफ्ट दाबून ‘र’ची कळ दाबली की ‘ऱ’ मिळतो. त्याला पुढे हलन्त आणि ‘य’ जोडला की ‘ऱ्य’ तयार.

‘ॲप’ या शब्दाच्या जागी जुन्या फोनवर चौकोन दिसत असेल, तर दोष तुमच्या चष्म्याचा नाही. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा 2008 साली मिळाली. त्याआधीच्या फाँटमध्ये ते अक्षरच नाही.

जुन्या स्मरणिकांचे काय?

काही घरांत आणि मंडळांत जुन्या स्मरणिकांच्या फाइली आहेत. त्या उघडल्या की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची रांगोळी दिसते. मजकूर बिघडलेला नसतो. युनिकोड रुळण्याआधीच्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. तो फाँट नसला की मूळची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. असा मजकूर रूपांतर करून युनिकोडमध्ये आणता येतो. म्हणून ‘वाचता येत नाही’ म्हणून अशी फाइल पुसून टाकू नका. तिच्यात कुणाच्या तरी आजोबांची आठवण असेल.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही

आत्तीच्या निरोपावर आम्ही हसलो. पण त्याच रविवारी कळले की फोनवरचे वाचता येत नाही म्हणून आत्ती कोपऱ्यावरच्या ओळखीच्या मुलाकडून बँकेचे संदेश वाचून घेते. पिनही त्याला माहीत आहे. मुलगा गुणी आहे, पण उद्या फोनवरून कुणी गोड बोलून ओटीपी मागितला, तर समोरचे अक्षर न वाचता येणाऱ्या माणसाने ओळखायचे कसे? हा प्रश्न नुसता भाषेच्या अभिमानाचा उरत नाही. आपल्या पैशांवर आपला हात राहतो की नाही, इथवर तो येतो. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करावा.

चार कामे

1. फोनच्या सेटिंग्जमध्ये भाषांची यादी उघडा. प्रत्येक भाषेचे नाव तिच्या स्वतःच्या लिपीत असते, त्यामुळे ‘मराठी’ लगेच ओळखू येते. अँड्रॉइड 13 किंवा पुढची आवृत्ती असेल, तर प्रत्येक ॲपची भाषा वेगळी निवडण्याचीही सोय आहे. मात्र ती भाषा त्या ॲपमध्ये असायला हवी.

2. कळफलकाची भाषा वेगळी निवडावी लागते. तिथेही मराठी जोडा आणि हिंदी वापरत नसाल, तर काढून टाका.

3. टीव्हीवर मराठी वाहिन्या दिसत नसतील, तर ‘आपल्या भागाचे’ पॅकेज कोणते दिले आहे ते विचारा. 2019 पासून हव्या त्या वाहिन्या सुट्या निवडता येतात.

4. मराठीच्या जोडीला कन्नड वाचणारे कुणी घरात असेल, तर वडीलधाऱ्यांची बिले आणि सूचना महिन्यातून एकदा त्यांच्याशेजारी बसून वाचा. आपण वाचून मोकळे होऊ नका, त्यांनाही कळू द्या.

शेवटी एक कबुली. आत्तीला आम्ही फोन लावून दिला, पण उपयोगी पडले ते माहितीपत्रक आमचे नव्हतेच. आम्ही सांगत गेलो तसे तिने तिच्या शब्दांत एका कागदावर उतरवून घेतले : ‘दातऱ्या चाकाचं चित्र दाबायचं. मग खाली खाली जायचं. मराठी दिसलं की थांबायचं.’ तो कागद आता कॅलेंडरच्या मागे टाचणीने लावलेला आहे. दिवाळीला मुले घरी आली की प्रत्येक घरात असा एक कागद व्हावा. अक्षर ज्याला फोन वापरायचा आहे त्याचेच असावे.

परवा आत्तीचा निरोप आला : ‘बाळ बरा आहे. वेळ काढून या.’ दोन्ही ‘ळ’ जागच्या जागी होते.