धुरातली ऊब आणि बोटभर फट

श्रोतेहो, सायकलच्या चाकात हवा भरायचा पंप आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी हाती धरला असेल. दांडा खालीवर चालला आहे, दंड भरून आले आहेत, पण चाक काही फुगत नाही. मग कोणी जाणता माणूस पंप उघडतो, आतला वाटीसारखा चामड्याचा वॉशर काढतो, त्याला तेलाचे बोट लावतो, त्याची कड जराशी बाहेर फाकवतो आणि पुन्हा बसवतो. की लगेच पंप जोर धरतो! बिघाड काय होता? चामडे वाळून कडक झाले होते. नळीच्या भिंतीला ते लागून राहत नव्हते. केसाएवढी फट पडली होती आणि आपण दाबलेली हवा त्या फटीतून मागे पळत होती.

आज आपण बोलणार आहोत ते एका फार मोठ्या यंत्राविषयी. कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रात ते असते, आणि आकाराने एखाद्या दुमजली घराएवढे असते. पण त्याचे दुखणे मात्र या पंपासारखेच आहे, आणि त्यावरचा उपायही त्याच जातीचा आहे.

आधी हे यंत्र कशासाठी, ते पाहू. आपल्या घरातल्या मातीच्या चुलीला शेजारी वैल असते. चुलीवर भाकरी होत असते आणि चुलीतून निसटणाऱ्या उबेवर वैलावर आमटी रटरटत राहते. फुकट जाणारी ऊब कामाला लावायची, ही आपल्या आयाबायांची जुनी हुशारी आहे. वीज केंद्रातही हेच करावे लागते. कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ येथे कोळसा जाळून बॉयलरमध्ये पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर विजेची यंत्रे फिरवतात. बॉयलरचे काम आटोपून धूर बाहेर पडतो, तेव्हाही तो सुमारे ३५० अंश सेल्सिअस गरम असतो. तो तसाच धुराड्यात सोडला, तर कोळशाची केवढी तरी शक्ती आभाळात गेली! इंजिनियर लोकांचा एक ठोकळ हिशेब आहे : बाहेर जाणारा धूर साधारण वीस अंशांनी थंड केला, की बॉयलरची कार्यक्षमता एका टक्क्याने वाढते. म्हणजे धूर ३५० अंशांवरून १४० पर्यंत उतरवला, तर जवळपास दहा टक्क्यांचा फरक पडतो.

धुरातली ही ऊब कोणाला द्यायची? भट्टीत जाणाऱ्या ताज्या हवेला. हवा तीनशे अंशांच्या आसपास तापून आली, की तिच्यामुळे कोळशाची भुकटी झटपट सुकते आणि चांगली पेटते. पण धूर आणि हवा एकमेकांत मिसळू तर द्यायची नाहीत, नि एकाची ऊब दुसऱ्याला मात्र द्यायची. हे कसे साधावे?

आपले रहाटगाडगे आठवा. विहिरीत बुडालेली गाडगी पाण्याने भरतात, चाकाबरोबर वर येतात, पन्हाळीत रिकामी होतात आणि पुन्हा खाली जातात. विहीर जागची हलत नाही, पन्हाळी हलत नाही. फिरतात ती गाडगी. आता रहाट उभा नसून आडवा, जात्याच्या तळीसारखा फिरतो आहे असे समजा. गाडग्यांच्या जागी त्यात पातळ, नागमोडी पोलादी पत्रे ठासून भरलेले आहेत. या चाकाच्या एका बाजूने गरम धूर वरून खाली जातो, दुसऱ्या बाजूने थंड हवा खालून वर येते. चाक मिनिटाला एक ते तीन फेरे, अशा संथ गतीने फिरते. पत्रे धुराच्या बाजूला आले की तापतात, हवेच्या बाजूला गेले की ती उष्णता हवेला देऊन निवतात. पाण्याऐवजी उष्णता वाहणारा हा रहाटच म्हणायचा. वीज केंद्रातले लोक त्याला ‘एअर प्रीहीटर’ म्हणतात.

हे चाक स्वीडन देशातले इंजिनियर फ्रेडरिक ल्युंगस्ट्रॉम यांनी काढले आणि १९२० साली ते प्रथम एका बॉयलरला जोडले गेले. आज शंभर वर्षे उलटून गेली, तरी जगभरच्या मोठ्या वीज केंद्रांत त्याच कल्पनेची चाके फिरत आहेत. आपल्या देशात तामिळनाडूमधल्या राणीपेट येथे भेलच्या कारखान्यात ती तयार होतात.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. चाक फिरते आहे, आणि भोवतालचे घर स्थिर आहे. फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्या वस्तूंच्या मध्ये थोडी तरी फट राहणारच. ती ठेवली नाही, तर चाक घासून अडकेल. आणि फट ठेवली, तर? हवेला पंखे मागून ढकलत असतात, म्हणून तिचा दाब जास्त. धुराला दुसरे पंखे धुराड्याकडे ओढत असतात, म्हणून त्याचा दाब कमी. तेव्हा हवा भट्टीकडे जायचे सोडून फटीतून आडवाटेने धुरात घुसते आणि थेट धुराड्याची वाट धरते. शेताकडे निघालेले पाटाचे पाणी उंदराच्या बिळातून ओढ्याला जावे, तसलाच हा प्रकार.

धुराची बाजू आणि हवेची बाजू यांच्यामध्ये, चाकाच्या वर आणि खाली, पोलादाच्या जाड पाचरी बसवलेल्या असतात. त्यांना ‘सेक्टर प्लेट’ म्हणतात. चाकाचे मधल्या भिंतींनी कप्पे पाडलेले असतात, आणि प्रत्येक भिंतीच्या काठावर एक पट्टी असते. कप्पा प्लेटखालून जाताना ही पट्टी प्लेटच्या अगदी जवळून सरकते आणि हवेची वाट अडवते. हीच ‘सील’. अशा सिली चाकाच्या घेरालाही असतात, पण सगळ्यांत मोठी गळती होते ती या वरच्या-खालच्या पट्ट्यांपाशी.

मग पट्टी नीट मापून जवळ बसवली की झाले, असे कोणी म्हणेल. पण इथेच खरी गोम आहे. हे चाक थंड असताना सपाट असते आणि तापले की वाकते! शिक्षक बंधुभगिनींनो, हा हिशेब फळ्यावर मांडण्यासारखा आहे. एक मीटर लांबीचे पोलाद शंभर अंशांनी तापवले, तर सुमारे १.२ मिलिमीटर वाढते. आपल्या चाकाची त्रिज्या पाच मीटर धरा. त्याची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा सुमारे दोनशे अंशांनी अधिक तापते, कारण गरम धूर वरून येतो आणि थंड हवा खालून. तेव्हा वरची त्रिज्या खालच्या त्रिज्येपेक्षा पाच गुणिले दोन गुणिले १.२, म्हणजे १२ मिलिमीटरने जास्त वाढली. उन्हात घातलेल्या पापडाची वरची बाजू आधी आकसते, म्हणून त्याच्या कडा वर वळतात. इथे वरची बाजू फुगते, म्हणून चाकाच्या कडा खाली झुकतात, आणि उपड्या टोपलीसारखा त्याला बाक येतो. कडेला हा झोक दीड सेंटिमीटरपर्यंत जातो. चाक याहून मोठे असेल तर त्याहूनही जास्त. म्हणजे वरच्या प्लेटखाली चांगली बोटभर फट उघडते.

बोटभर फट ती काय, असे वाटेल. तर तोही हिशेब करा. पाच मीटर लांबीची पट्टी आणि सरासरी एक सेंटिमीटर फट म्हणजे ५०० चौरस सेंटिमीटर. धूर आणि हवा यांच्यामध्ये चाकावर अशा दोन रेषा येतात, म्हणजे झाले १००० चौरस सेंटिमीटर. ४० सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद, भिंतीतल्या देवळीएवढे भोक हे! दोन्ही बाजूंच्या दाबात ३०० मिलिमीटर पाण्याच्या उंचीएवढा फरक असेल, तर त्या भोकातून गरम हवा सेकंदाला सुमारे शंभर मीटर वेगाने सुटते. एवढ्या वाटेने सेकंदाला तीन-चार किलो आणि दिवसाला तीनशे टनांच्या घरात हवा निघून जाते. ती तापवायला लागलेला कोळसा वाया गेला, ती ढकलायला लागलेली वीज वाया गेली, आणि आता धुराबरोबर तीही ओढून न्यायला पलीकडच्या पंख्याला जादा वीज हवी. पंख्याची ताकद संपली, की संचाची वीजनिर्मितीच कमी करावी लागते. केंद्राने स्वतःसाठी जास्त वीज खाल्ली, की तुमच्या-आमच्या मोटारपंपापर्यंत पोचणारी तेवढी कमी झाली, हे सांगायला नको.

या गळतीची आणखी एक लबाडी आहे. थंड हवा धुरात मिसळली, की बाहेर जाणारा धूर थंड दिसू लागतो. थर्मामीटर पाहणाऱ्याला वाटते, वा! चाक छान काम करते आहे. म्हणून जाणते लोक थर्मामीटरवर न विसंबता धुरातला प्राणवायू मोजतात. समजा, चाकाआधी धुरात ३ टक्के प्राणवायू होता आणि चाकानंतर ५ टक्के झाला. दोहोंमधला फरक २. त्याला २१ वजा ५, म्हणजे १६ ने भागा आणि ९० ने गुणा. उत्तर आले सव्वाअकरा. म्हणजे शंभर किलो धुरात सुमारे सव्वाअकरा किलो हवा चोरवाटेने शिरली. चाक नवे, नीट बसवलेले असले म्हणजे हा आकडा सहा ते आठच्या आसपास राहतो. सिली झिजल्या की तो पंधरा-वीसच्या पुढेही जातो.

आता उपायाकडे वळू. जुन्या पद्धतीत पट्टी जाड आणि ताठ असते. चाक थंड असताना कारागीर ती मोजून अशी बसवतात, की तापल्यावर चाक वाकेल आणि फट बेताची राहील. पण वाकणे ठरल्याप्रमाणे झाले, तरच हे माप जुळते. संच पूर्ण जोरावर असताना बाक वेगळा, निम्म्यावर असताना वेगळा, पेटवताना आणि विझवताना आणखी वेगळा. ताठ पट्टी यांपैकी एकाच वेळेला बरोबर ठरते. बाकीच्या वेळी ती एक तर घासून झिजते, नाहीतर फट उघडी सोडते. आणि एकदा झिजली, की ती फट कायमची.

म्हणून लवचीक सील पुढे आली. गंज न चढणाऱ्या पोलादाची पातळ पाने एकावर एक अशी लावतात, की एका पानाची चीर दुसऱ्या पानाने झाकली जावी. मागून जरा दणकट पट्टीचा आधार देतात. ही पाने मुद्दामच उंच ठेवलेली असतात. प्लेटखाली आली की ती वाकतात आणि प्लेटला लागून सरकतात; प्लेट मागे पडली की पुन्हा ताठ उभी राहतात. चाक थोडे झुकले, तर पाने कमी वाकतात. चाक वर आले, तर जास्त वाकतात. फट मात्र झाकलेलीच राहते. पंपातल्या चामड्याच्या वाटीचाच हा गुण झाला. पानांऐवजी तारांचे दाट ब्रश किंवा स्प्रिंगवर टेकलेल्या पट्ट्याही काही ठिकाणी वापरतात. शिवाय एकाच वेळी प्लेटखाली एकाऐवजी दोन सिली येतील अशी रचना केली, तर दाबाचा फरक दोघींत वाटला जातो आणि गळती सुमारे सत्तर टक्क्यांवर येते. ती निम्मी का होत नाही, ते शिक्षकांनी मुलांना विचारावे : गळती दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते, म्हणून.

पण लवचीक सील म्हणजे काही जादूची कांडी नव्हे. मिनिटाला एकच फेरा धरला आणि एका फेऱ्यात निदान दोन प्लेटी लागतात असे मानले, तरी वर्षाला साडेदहा लाख वेळा हे पान वाकते आणि सरळ होते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे आपण हाताने पाहिले आहे. त्यातून आपल्या कोळशात राख फार. शंभर किलोत तीस ते पंचेचाळीस किलो. ती राख धुराबरोबर वाळूच्या माऱ्यासारखी पानांवर बसते. खालच्या थंड बाजूला धुरातल्या गंधकाचे आम्ल होऊन पोलाद खाते. म्हणून पानाचे पोलाद कोणते, जाडी किती, ते किती वाकू द्यायचे, हे नीट पाहावे लागते. प्लेटच वाकडी किंवा खडबडीत असेल, तर आधी ती सरळ करायला हवी. पाने जास्त दाबली, तर चाकाच्या मोटारीवर ओझे येते. आणि संच दुरुस्तीसाठी बंद झाला, की दर वेळी आत उतरून प्रत्येक पट्टी हाताने तपासावीच लागते.

आजच्या काळात या लवचीकपणाला एक नवे महत्त्व आले आहे. दिवसा उन्हावर चालणारी सौर वीज भरपूर येते, म्हणून दुपारी कोळशाचे संच उतरवावे लागतात. दिवेलागणीला ऊन जाते आणि तेच संच पुन्हा चढवावे लागतात. पूर्वी महिनोन्महिने एका जोरावर चालणारे चाक आता रोज तापते, रोज निवते, रोज आपला बाक बदलते. अशा चाकावर एका मापाची ताठ पट्टी कशी पुरी पडणार?

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या खेपेस सायकलचा पंप हातात घ्याल, तेव्हा आतली चामड्याची वाटी मुलांना जरूर काढून दाखवा. तिची कड बोटाने दाबा, सोडा, पुन्हा दाबा. शेकडो टन वजनाच्या त्या फिरत्या चाकाच्या काठावर, धुराच्या झळीत आणि राखेच्या माऱ्यात, पोलादाचे पातळ पान हेच काम करत असते. ते मऊ राहिले, म्हणून कोळसा वाचतो.