उभ्या पाळीचे पाय

पोटरीवर निळी, वळलेली शीर वर आली की घरातला पहिला प्रश्न असतो, ‘एवढ्या लवकर?’ व्हेरिकोज व्हेन्स हे उतारवयाचे दुखणे, अशी आपली पक्की समजूत. म्हणून पंचविशीतला मुलगा फुलपँटमध्ये आणि मुलगी सलवारीत पाय झाकून वर्षे काढते. नागपूरजवळच्या कळमेश्वरचा तरुण एमआयडीसीत यंत्रापुढे उभा असतो, संत्र्याच्या हंगामात माल निवडायला उभा असतो, नाहीतर नागपुरात जाऊन दुकानाच्या काउंटरमागे उभा असतो. संध्याकाळी पाय जड होणे, घोटे सुजणे, रात्री पोटरीत गोळे येणे, हे सगळे तो कामाच्या खात्यावर टाकतो. खरे तर ही शिरांतल्या झडपा निकामी होऊ लागल्याची खूण असू शकते.

पायातले रक्त वर हृदयाकडे चढते ते पोटरीच्या जोरावर. पाऊल टाकले की पोटरीचा स्नायू शिरांना दाबतो, रक्त वर ढकलले जाते आणि आतल्या छोट्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. पादुआच्या फॅब्रिसियसने १६०३ मध्ये या झडपांचे वर्णन केले. त्यांचे खरे काम मात्र त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८ च्या ग्रंथात उलगडले. आपल्याकडे सुश्रुतानेही फुगलेल्या शिरांच्या गाठी नोंदवल्या आणि दुर्बल माणसाच्या अतिश्रमाशी त्यांचा संबंध जोडला. नुसते उभे राहिले की घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत जातो. चालू लागले की तो ३० च्या आसपास उतरतो. म्हणजे पायाला घातक ठरते ते जागच्या जागी उभे राहणे. आई किंवा वडिलांना हा त्रास असेल तर झडपा मुळातच कच्च्या असू शकतात, आणि मग तो विशीतही दिसतो. गरोदरपणात आणि वजन वाढल्यावर त्यात भर पडते.

अनेक मुलांना हे पहिल्यांदा कळते ते सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत. वर्षभर धावून मैदान मारलेला मुलगा फुगलेल्या शिरांमुळे अपात्र ठरू शकतो. तयारी सुरू करण्यापूर्वीच पाय दाखवून घ्यावेत, आणि भरतीसाठी म्हणून शस्त्रक्रिया करायची असेल तर आधी त्या दलाचा नियम वाचावा. शस्त्रक्रिया झालेला उमेदवार सगळीकडे पात्र ठरतोच असे नाही.

तपासणी साधी आहे: पायांची डॉपलर सोनोग्राफी, शक्यतो रुग्णाला उभे करून. वरवरच्या शिरेत रक्त अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटे वाहिले तर झडप गळते असे मानतात. नागपुरात मेडिकल आणि मेयो, या दोन्ही सरकारी रुग्णालयांत सर्जरी विभाग आहे. कारखान्यात कामगार विम्याचे कार्ड असेल तर सोमवारी पेठेतले विमा रुग्णालय आहे. कार्ड खिशात ठेवून खासगीत उधारीने उपचार करू नयेत, असे मला कळकळीने वाटते.

डॉक्टर बहुधा आधी दाबमोजे देतात. ते सकाळी, पाय सुजण्याआधी घालायचे. विदर्भातल्या मे महिन्यात ते अंगावर ठेवणे ही शिक्षाच, आणि बरेच जण तिथेच सोडतात. मोजे सूज आणि जडपणा कमी करतात. गळकी झडप दुरुस्त करत नाहीत. मधुमेह असेल किंवा बिडी-सिगारेट असेल तर पायाच्या धमन्या तपासल्याशिवाय ते चढवू नयेत. फुगलेली शीर दुखरी, लाल झाली असेल तर घरचे आग्रहाने करतात ती जोरकस मालिश टाळावी. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे; आतल्या शिरेत गुठळी झालेली असू शकते.

पक्का इलाज म्हणजे गळकी शीर बंद करणे. पूर्वी ती चिरा देऊन ओढून काढत. आता बहुतेकदा लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीची बारीक तार आत घालून, पाय बधिर करून, ती आतून बंद करतात. २०१३ पासून ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यसंस्थेच्या मार्गदर्शनात हाच पहिला पर्याय आहे. त्यानंतर फेसाचे इंजेक्शन, मग शस्त्रक्रिया. रुग्ण त्याच दिवशी चालू लागतो. ‘शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?’ ही भीती मात्र घरोघरी असते. पायातले सुमारे ९० टक्के रक्त खोलवरच्या शिरांतून वर जाते. त्या शाबूत आहेत ना, हे डॉपलरमध्ये आधीच पाहिलेले असते. गरोदरपणात ही प्रक्रिया सहसा करत नाहीत. तेव्हा फुगलेल्या शिरा बाळंतपणानंतर पुष्कळदा ओसरतातही.

दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढले तर घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडते, खाजते आणि एक दिवस तिथे न भरणारी जखम होते. उपचारानंतरही नव्या शिरा फुगू शकतात, आणि माणूस तर त्याच यंत्रापुढे परत जाणार असतो. म्हणून कामाच्या जागी बसायला स्टूल असण्याचा मुद्दा मला लेझरइतकाच महत्त्वाचा वाटतो. उभ्याने काम करणाऱ्याला मिळेल त्या उसंतीत बसता यावे अशी सोय कारखान्याने ठेवावी, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम ४४ सांगत आले. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. दुकानांतल्या विक्रेत्यांसाठी केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात लिहिला. डॉक्टरकडे गेलातच, तर औषधाच्या चिठ्ठीसोबत ‘कामात अधूनमधून बसण्याची व चालण्याची मुभा द्यावी’ हे एक वाक्य लिहून मागा आणि त्याची प्रत सुपरवायझरकडे द्या.